पंप दिला, पण औषध पोचलं का?



1 जूनला बंदी लागली. होड्या वर काढून झाल्या, ट्रॉलर बांधून झाले. आता 31 जुलैपर्यंत 61 दिवस जाळी दुरुस्त करायची, इंजिनं उघडायची आणि घरी राहायचं. घरी राहिलं की घरातलं दिसायला लागतं. एरवी पहाटे अंधारात जेटीवर येणाऱ्या माणसाला आपलं मूल रात्री किती खोकतं हे बायकोने सांगितलं तरच कळतं. हा कुणाला टोमणा नाही, आम्हीही त्यातलेच.

या पानावर आम्ही सहसा डिझेलचा कोटा, परवान्यांचं नूतनीकरण, हवामानाचा इशारा असं टाकतो. आज विषय वेगळा आहे. लहान मुलांना दम्याचा पंप कसा द्यायचा, याबद्दल लिहायचं आहे. गेल्या बंदीत जे घडलं त्यानंतर हे लिहायचंच असं ठरवलं होतं. पाऊस लागला की पोरांच्या सर्दी-खोकल्याला सुरुवात होते, म्हणून आत्ताच टाकतोय.

आमच्या एका सभासदाची नात, तेव्हा अडीच वर्षांची. (घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं मुद्दाम घातलेली नाहीत.) तिला अधूनमधून छातीत घरघर व्हायची. एका ठिकाणी डॉक्टरांनी पंप लिहून दिला, दुकानदाराने पंप, स्पेसर आणि मास्क पिशवीत घालून दिला, आणि विषय संपला. कसा द्यायचा ते धड कुणी दाखवलं नाही. आईने डब्यावरची चित्रं बघून सुरू केलं. बाई अगदी नेमाने द्यायची, एक दिवस चुकवला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीला सर्दी झाली. पहिल्या रात्री खोकला, दुसऱ्या रात्री घरघर. तिसऱ्या रात्री साडेअकराला सभासदाचा फोन आला, ‘सेक्रेटरी, संस्थेची गाडी हाय का?’ बाहेर मुसळधार पाऊस आणि लाईट गेलेली. मासळीची पिकअप काढली. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर मुलगी होती. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ती रडत नव्हती, तेच वाईट. एवढं दमलेलं मूल रडत नाही.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, औषध दिलं. पहाटेपर्यंत उतार पडला. आणि सकाळी कळलं की रात्री जे औषध दिलं तेच आईच्या पिशवीतल्या पंपात होतं. तेच नाव, तेच औषध. मग घरी का लागू पडलं नाही?

तिथल्या डॉक्टरबाई शहाण्या. त्यांनी चिठ्ठी लिहायच्या आधी एकच सांगितलं, ‘तुम्ही घरी कसं देता ते मला करून दाखवा.’ आईने करून दाखवलं. डॉक्टरबाई मध्ये काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘ह्यातलं बहुतेक औषध हवेत गेलं, उरलेलं पोटात गेलं, छातीत जवळजवळ काहीच नाही.’ आईला रडूच कोसळलं. आजोबा बाजूला उभे होते. ते म्हणाले, ‘म्हणजे बर्फ आणला, पैसे मोजले, पण होडीत न भरता जेटीवरच ओतला.’

अगदी तसंच झालं होतं. त्या दिवशी काय काय चुकलेलं निघालं ते सांगतो, कारण नंतर आमच्या लक्षात आलं की निम्म्या वाडीत तेच चुकतंय.

पहिली चूक मास्कची. मुलगी मास्क ढकलायची म्हणून आई तो नाकासमोर बोटभर अंतरावर धरायची. वाटतं की फवारा तोंडावर जातोय म्हणजे आत जाणारच. तसं होत नाही. स्पेसरमध्ये एक झडप असते. मूल श्वास घेतं तेव्हा ती उघडते आणि नळीतली औषधाची हवा आत येते. मास्क चेहऱ्याला घट्ट टेकलेला नसेल तर मूल बाजूच्या फटीतून साधी हवा ओढतं, झडप हलतच नाही आणि औषध नळीतच बसून राहतं. वाफेच्या मशीनचा मास्कही एक सेंटिमीटर लांब धरला तर निम्म्याच्या आसपास औषध वाया जातं. गळक्या पाईपने टाकी भरायला घेतल्यासारखं आहे ते. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल एवढा हवा. डोळ्यांवर चढता कामा नये आणि हनुवटीखाली लोंबता कामा नये. मूल वाढतं तसा मास्क लहान पडतो, हेही लोक विसरतात.

दुसरी चूक आम्हाला सगळ्यात नवी होती. मुलगी रडत असताना औषध दिलं जायचं. आमच्याकडे जुन्या बायका तर म्हणतात, रडताना पोर मोठा श्वास घेतं, तेव्हाच द्यावं, चांगलं आत जातं. नेमकं उलटं आहे. रडणारं मूल बराच वेळ श्वास बाहेर टाकत असतं, आणि मध्येच एकदम हुंदका देऊन हवा ओढतं. त्या जोरात औषधाचे कण घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात, तिथेच चिकटतात आणि गिळले जातात. छातीत पोचतं ते नावापुरतं. शांतपणे, सावकाश घेतलेला श्वासच कण खाली घेऊन जातो.

यात कणाचा आकारही बघा. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. एक ते पाच मायक्रॉनचा कण छातीतल्या बारीक नळ्यांत जातो. त्याहून मोठा नाकाघशातच अडकतो. आपल्या जाळ्याच्या आसाचंच गणित, फक्त इथे जे अडकतं ते वाया जातं आणि जे सुटतं ते कामाचं. पंप दाबला की फवारा प्रचंड वेगाने सुटतो. मोठ्या माणसालाही तो दाबणं आणि श्वास घेणं एकाच वेळी जमत नाही, तर अडीच वर्षांच्या मुलीला काय जमणार? म्हणून मध्ये स्पेसरची नळी. त्यात फवाऱ्याचा जोर मरतो, मोठे थेंब भिंतीला लागून तिथेच राहतात, आणि बारीक कण हवेत तरंगत थांबतात. मग मुलाने आपल्या चालीने श्वास घेतला तरी चालतो. लहान मुलाला स्पेसरशिवाय नुसता पंप तोंडात देऊ नये, तो याच कारणाने.

तिसरी चूक म्हणजे घाई. आई दोन फवारे लागोपाठ दाबायची आणि लगेच मास्क काढायची. बारा किलोच्या मुलाचा एक साधा श्वास म्हणजे जेमतेम अर्धा कप चहाएवढी हवा. नळी त्याहून मोठी असते. एका श्वासात ती रिकामी होतच नाही. फवारा दाबल्यावर मास्क तसाच टेकवून पाच ते दहा श्वास मोजायचे. झडप हलताना दिसते, ती मोजली तरी चालते. दोन फवारे एकदम मारले तर कण एकमेकांना आणि नळीच्या भिंतीला चिकटतात, हाती येतं कमी. म्हणून एक फवारा, मग श्वास. अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवायचा आणि मग दुसरा फवारा. हलवायचं हे विसरू नका. आतलं औषध खाली बसतं, रंगाच्या डब्यासारखं. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस पडून राहिलेला असेल तर आधी तीन-चार फवारे हवेत सोडून द्यायचे. नेमके किती, ते कागदावर लिहिलेलं असतं.

चौथी चूक ऐकून तर आम्ही हसलोच, कारण ती स्वच्छतेतून झाली होती. आई रोज स्पेसर स्वच्छ सुती फडक्याने आतून पुसून चकचकीत ठेवायची. प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने घासलं की त्यात विजेचा भार तयार होतो. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ शाळेत केला असेल, तोच प्रकार. मग औषधाचे कण आत तरंगायचे सोडून भिंतीला जाऊन बसतात. स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून बुडवायचा. बाहेर काढल्यावर नळी साध्या पाण्याने धुवायची नाही, पुसायची नाही, उभी ठेवून आपोआप वाळू द्यायची. साबणाचा पातळ थर आत राहिला की तो भार धरत नाही. मास्क मात्र धुऊन घ्यावा, तो चेहऱ्याला लागतो. नवा स्पेसर आणला की वापरायच्या आधीही एकदा असंच करावं. आणि उन्हात नको, चुलीच्या वर तर नकोच.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ पातळ औषध चमच्याने पाजलं तर? हिशेब करू या. सालब्युटामॉल नावाचं जे दम मोकळा करणारं औषध आहे त्याच्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये साधारण 2 मिलिग्रॅम असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका चमच्यात वीस फवाऱ्यांचं औषध. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून छातीत येतं. म्हणून हात थरथरतात, काळीज धडधडतं, पोर रात्रभर झोपत नाही. पंपाचं थोडकं औषध सरळ जागेवर जातं. ‘पंपाची सवय लागते’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘मुलीची जात आहे, लोक काय म्हणतील’, हे सगळं आम्ही ऑफिसात बसून ऐकलंय. सवय पंपाची लागत नाही. आजार जुना असला तर औषध बरेच दिवस लागतं, एवढंच. पंप लपवून ठेवायची लाज मात्र आम्हाला धोक्याची वाटते. शाळेत, मामाच्या घरी, जत्रेत तो बरोबर नसतो आणि नेमकं तिथेच अडतं.

पंप दोन प्रकारचे असतात, हेही घरात सगळ्यांना माहीत हवं. एक दम लागल्यावर लगेच आराम देणारा. दुसरा रोज द्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा. त्यात स्टेरॉइडचं अगदी थोडं औषध असतं. दुसऱ्याने त्या क्षणी आराम पडत नाही, म्हणून लोक ‘उपयोग नाही’ म्हणून बंद करतात आणि दोन महिन्यांनी पिकअप काढावी लागते. रंगावरून ओळखू नका, कंपनीप्रमाणे रंग बदलतो. नाव वाचून घ्या, आणि डॉक्टरांकडून पट्टी लावून तिच्यावर मराठीत ‘रोजचा’ आणि ‘दम लागल्यावर’ असं लिहून घ्या. रोजचा दिल्यावर मुलाला पाणी प्यायला द्या किंवा चूळ भरू द्या, आणि मास्कची जागा ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. दात घासायच्या आधी दिला तर सगळं एकदमच होतं.

आणि शेजारच्या पोराचा पंप उसना घेऊ नका. प्रत्येक खोकला दम्याचा नसतो, तान्ह्या बाळांची घरघर तर पुष्कळदा वेगळ्याच कारणाने असते. आजोबांचा कॅप्सूल घालून ओढायचा पंपही लहान मुलाला चालत नाही. त्यातली पूड आत जायला जोराचा श्वास लागतो, तो पाच वर्षांखालच्या मुलाकडे नसतो. हा प्रयोग आमच्या वाडीत झालेला आहे, पुड सगळी फ्रॉकवर.

वाफेच्या मशीनबद्दल. आपल्याकडे मशीन म्हणजे मोठं औषध आणि पंप म्हणजे साधं, अशी समजूत आहे. दोन-तीन घरांनी कर्ज काढून मशीन घेतली. साध्या किंवा मध्यम झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेला पंप मशीनइतकंच काम करतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. मशीनला आठ-दहा मिनिटं लागतात, वीज लागते, आणि तेवढा वेळ दोन वर्षांचं पोर शांत बसत नाही. पावसात आपल्याकडे विजेचा भरवसा काय असतो ते वेगळं सांगायला नको. स्पेसरला लाईट लागत नाही. मशीन घेतलेलीच असेल तर मास्क घट्ट टेकवा. झोपलेल्या पोराच्या नाकासमोर नळी धरून ठेवणं म्हणजे खोलीला औषध देणं. झोपेत पंप द्यायचाही मोह होतो, पण बरीच मुलं मास्क लागताच दचकून उठतात आणि मग रडारड होते.

स्पेसर नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला हेदर झार नावाच्या बालरोगतज्ज्ञ आहेत. गरीब घरांना स्पेसर परवडत नाही म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 500 मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीचा स्पेसर करून बघितला. बाटलीच्या बुडाला तापवलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप बसवून कडा हवाबंद करायच्या आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. झटका आलेल्या मुलांवर तुलना केली तेव्हा ही हवाबंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. थर्माकोलचा कप मात्र फारसा कामाचा निघाला नाही. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे सांगतोय ते अडीअडचणीसाठी, आणि डॉक्टरांना दाखवूनच करा. विकतचा स्पेसर काहीशे रुपयांत मिळतो. ट्रॉलरच्या एका फेरीच्या बर्फाच्या बिलात ती रक्कम दिसणारही नाही.

मुळात हा पंप जन्माला आला तोही एका मुलीमुळे. अमेरिकेत रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा काचेच्या नळीचा रबरी गोळा दाबून औषध घ्यावं लागायचं. तिने वडिलांना विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं डब्यात का नाही येत? 1956 साली पहिला दाबायचा पंप बाजारात आला.

माशाच्या औषधाचं आम्हाला दर वर्षी विचारतात, आपण मासळीवाले म्हणून जरा जास्तच. हैदराबादला मृगाच्या सुमारास जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते गिळायला देतात. बंदी असते, माणसं मोकळी असतात, म्हणून आपल्याकडूनही कुणी कुणी जातात. कुणाच्या श्रद्धेला आम्ही हात लावत नाही. पण दम्यावर त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि मासा पोटात जातो, छातीत नाही. दम लागलेल्या लहान पोराच्या घशात जिवंत मासा ही कल्पनाच आम्हाला घाबरवते. जायचं असेल तर मोठ्यांनी जा, मुलाचा रोजचा पंप बंद करून जाऊ नका.

आणखी एक वाडीतली सवय. पंपात औषध आहे की संपलं हे बघायला डबी पाण्यात टाकून तरंगते का ते बघतात. होडीवाल्यांची अक्कल, दुसरं काय! पण ती इथे चालत नाही. औषध संपलं तरी आतला वायू उरतो, डबी हलवली तर आवाज येतो, दाबली तर फवाराही येतो. पण त्यात औषध असेलच असं नाही. बऱ्याच पंपांत 200 फवारे असतात. मोजायचा आकडा असला तर तो बघा. नसला तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा आणि रोज किती जातात त्यावरून हिशेब धरा. गाडीच्या डॅशबोर्डवर, होडीच्या केबिनमध्ये उन्हात पंप ठेवू नका.

आता मुलाला मास्क लावू कसा द्यायचा, कारण खरी लढाई तिथेच. बरं असताना मास्क खेळायला द्या. बाहुलीला लावू द्या, बापाला लावू द्या. मांडीवर ताठ बसवून, पाठ आपल्या छातीला टेकवून द्या, आडवं पाडून, हात-पाय धरून नको. आमच्या त्या सभासदाच्या घरी आजोबांनी युक्ती काढली. मास्क लावला की ते लिलावाच्या आवाजात मोजतात, एक बांगडा, दोन बांगडे, तीन बांगडे... दहावा बांगडा आला की मास्क निघतो. मुलीला माहीत असतं की हे संपणार आहे, म्हणून ती थांबते. चार-पाच वर्षांची झाली की मास्क काढून तोंडात धरायची नळी लावता येते. ते डॉक्टर बघून सांगतील.

एवढं करूनही कधी झटका येतोच. पंप नीट देऊनही आराम पडत नाही किंवा थोड्याच वेळात पुन्हा लागतो, बरगड्या आत ओढल्या जातात, मूल बोलू किंवा पिऊ शकत नाही, ओठ काळे-निळे दिसतात, गुंगीत जातं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप देत राहा. ॲम्ब्युलन्सला उशीर होत असेल तर संस्थेची पिकअप रात्रीही आहे. चावी ऑफिसच्या मागच्या घरी असते, विचारायला लाजू नका.

आम्ही डॉक्टर नव्हे. बारावी शिकलेले सेक्रेटरी आहोत. हे लिहून झाल्यावर आरोग्य केंद्राच्या सिस्टरना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं. किती फवारे, किती वेळा, ते तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण पुढच्या वेळी गेलात की त्यांना सांगा, ‘आम्ही कसं देतो ते बघा.’ त्यांनी विचारायची वाट बघू नका, त्यांच्याकडे गर्दी असते.

येत्या रविवारी सकाळी दहाला जाळी दुरुस्तीच्या शेडमध्ये सिस्टर येणार आहेत. घरात पंपावर मूल असेल त्यांनी पंप, स्पेसर, मास्क जसा आहे तसा घेऊन या, धुऊन-पुसून आणू नका. आईबरोबर बापानेही यायचं आहे, बंदी आहे, निमित्त चालणार नाही. ती मुलगीही येणार आहे, आजोबांना मास्क लावून दाखवायला.